उदारधी गृहस्थ : डॉ. भाऊ दाजी लाड
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संघाच्या चालकांनी यंदाच्या संमेलनात, लोकसेवेला वाहून घेतलेल्या एखाद्या उदार गृहस्थाचे पुण्यस्मरण करावे, असे ठरविले आणि ते काम मजकडे सोपविले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. व्यक्ती कोणती निवडावी याची मोकळीक त्यांनी मला दिली होती. आपल्या गौड सारस्वत ज्ञातीत अशा पुरुषांची वाण कधीच नव्हती. विद्येच्या क्षेत्रात सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, न्यायाच्या क्षेत्रात काशीनाथ त्र्यंबक तेलंग अशी नावे आपल्या ओठांवर सहज येतात. परंतु या दोघांच्याही आधीच्या पिढीत, मुंबापुरीचे नवे जीवन घडत असताना, ज्याने हाती आलेले द्रव्य दोन्ही हातांनी वाटले आणि द्रव्य गेल्यावरही ज्याचे हात आखडले नाहीत, अशा एका पुरुषाकडे माझे मन वळले. ते पुरुष म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. त्यांच्या निधनाला २०२४ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली. अशा वेळी त्यांचे चरित्र पुन्हा एकदा उघडून पाहणे हे केवळ औपचारिक कर्तव्य नव्हे; आपल्या संघापुढे आज जे प्रश्न उभे आहेत त्यांपैकी एकाचे उत्तर त्या चरित्रात आहे, असे मला वाटते. त्याविषयी मी शेवटी बोलेन.

प्रथम त्यांच्या नावाकडेच पाहा. त्यांचे पाळण्यातील नाव रामकृष्ण, वडिलांचे विठ्ठल आणि आडनाव लाड. परंतु रामकृष्ण विठ्ठल लाड या नावाने त्यांना किती जण ओळखतील? वडिलांना घरात दाजी म्हणत आणि मुलाला भाऊ. ही दोन घरगुती नावे एकत्र आली व तेच नाव जगाच्या तोंडी बसले. वैद्यकाच्या पदवीवर, विश्वविद्यालयाच्या पहिल्या सभासदांच्या यादीत, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आणि युरोपातील पंडितांच्या पत्रव्यवहारात 'भाऊ दाजी' हेच नाव उमटले. धाकट्या बंधूंचे नावही तसेच, नारायण दाजी. माजघरात ज्या नावाने हाक मारायची, त्याच नावाने नगरशेठांनी, गव्हर्नरांनी आणि दारी आलेल्या रोग्यांनीही हाक मारावी, हा योग थोड्यांच्या वाट्याला येतो. मला तर त्या नावात त्यांच्या सगळ्या आयुष्याचे सार दिसते. ते आधी एका घराचे भाऊ होते. पुढे त्या घराच्या भिंती रुंदावत गेल्या, इतकेच.

त्यांचा जन्म १८२२ साली गोमंतकातील पेडणे महालात एका सामान्य स्थितीतील कुटुंबात झाला. पेडणे महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि आपल्या ज्ञातीतील अनेक घरे पोटासाठी व विद्येसाठी मुंबईची वाट धरीत होती. भाऊंची बुद्धिबळातील चलाखी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली आणि या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असा सल्ला त्याने वडिलांना दिला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. सल्ला देणारे पुष्कळ असतात. तो मानून त्यासाठी झीज सोसणारा बाप विरळा. इंग्रजी शिक्षणाने मुलगा धर्मातून जाईल, अशी धास्ती ज्या काळात घरोघरी होती, त्या काळात विठ्ठलपंतांनी मुलाला मुंबईस आणून एल्फिन्स्टन संस्थेत पाठविले. भाऊंच्या औदार्याचा उगम शोधावयाचा असेल तर तो या पित्याच्या निर्णयात शोधावा लागेल. घराने आपल्यासाठी काय केले, हे ज्याला कळले, तो पुढे दुसऱ्यांसाठी काय करावयाचे हे आपोआप शिकतो.

एल्फिन्स्टन संस्थेत विद्याभ्यास पुरा करून भाऊ तेथेच शिक्षक झाले. याच सुमारास काठेवाड आणि कच्छ या प्रांतांत जन्मतःच मुलींना मारण्याची जी भयंकर चाल होती, तिच्यावर निबंध लिहिण्याबद्दल बक्षीस जाहीर झाले. भाऊंच्या निबंधाला सहाशे रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी सहाशे रुपये ही मध्यम स्थितीच्या घराला मोठीच रक्कम होती. पण मला रकमेपेक्षा विषय महत्त्वाचा वाटतो. एका तरुण सारस्वत शिक्षकाने कोठल्या दूरच्या प्रांतातील, परक्या जातींतील नवजात मुलींसाठी लेखणी उचलली. 'हे आपल्यांचे नव्हे' असे म्हणून बाजूला होण्याची सवय त्यांना पहिल्यापासूनच नव्हती.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊंनी शिक्षकाची स्थिर नोकरी सोडून त्या कॉलेजात नाव घातले. ज्या समाजात प्रेताला स्पर्श करणे म्हणजे विटाळ, त्या समाजातील ब्राह्मण तरुणाने शवच्छेदनाच्या मेजापाशी उभे राहणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. १८५१ साली त्या कॉलेजातून जे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले, त्यांत भाऊ दाजी होते. त्या आठांत हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती अशा तिन्ही समाजांचे तरुण होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत ज्यांनी पुढाकार घेतला ते डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे सहाध्यायी. एकाच बाकावर बसून शिकलेल्या या मंडळींना पुढील आयुष्यात एकमेकांच्या जाती आठवण्याचे कारण पडले नसावे.

भाऊंच्या मागोमाग धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. थोरला भाऊ स्वतः शिकतो आणि धाकट्याला हाताशी धरून वर आणतो, हे आपल्या घरांतील जुने वळण. या दोन भावांनी ते वळण जसेच्या तसे राखले आणि एकत्र व्यवसाय मांडला. थोड्याच वर्षांत मुंबईतील अग्रगण्य डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली. मोठमोठ्या शेठियांच्या पेढ्यांपासून युरोपियन अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपर्यंत भाऊंना बोलावणी येऊ लागली. या मिळकतीच्या जोडीला दोघा बंधूंनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंताकडून घ्यावे आणि गरिबाला फुकट द्यावे, हा हिशेब त्या घरात ठरून गेला होता. नारायणरावांना छायाचित्रणाच्या त्या वेळी अगदी नव्या असलेल्या कलेचाही नाद होता आणि मुंबईच्या पहिल्या छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. भाऊ वेगवेगळ्या सार्वजनिक कामांत गुंतलेले असताना दवाखान्याचा भार वाहणारा असा भाऊ पाठीशी होता, हे विसरून चालणार नाही. एकाचे नाव मोठे होते तेव्हा बहुधा त्या नावाखाली दोन माणसांचे खांदे असतात. १८७४ साली भाऊ गेले आणि पुढच्याच वर्षी नारायणरावही गेले.

येथे माझ्या भगिनीवर्गाकडे पाहून एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. उदार पुरुषाचे गुण आपण व्यासपीठावरून गातो; परंतु ज्या घराची दारे रोग्यांना, विद्यार्थ्यांना आणि परगावच्या पाहुण्यांना सदैव उघडी असतात, त्या घराची चूल कोण पेटती ठेवतो? अवेळी आलेल्या माणसाच्या पानात वाढण्यासाठी स्वतःचे पान मागे कोण सारतो? दानशूरांच्या चरित्रांत हा अध्याय क्वचितच लिहिला जातो. औदार्य ही एका माणसाची मिळकत नसते. ती सगळ्या घराची मिळकत असते, आणि तिचा अर्धाअधिक भरणा स्वयंपाकघरातून होतो.

आता भाऊंच्या सार्वजनिक कार्याकडे वळू. त्याचा संपूर्ण आढावा घेणे एका व्याख्यानात शक्य नाही. तो पाहू इच्छिणाऱ्यांनी आपल्या गोमंतकाचेच थोर संशोधक अनंत काकबा प्रियोळकर यांनी लिहिलेले भाऊंचे चरित्र वाचावे. मी केवळ काही गोष्टींचा निर्देश करतो.

१८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजींसारखी मंडळी त्या कामात होती आणि नाना शंकरशेठ यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली होती. मुलगी शिकली तर विधवा होते, असा समज ज्या काळात होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. भाऊ दाजी या सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले आणि स्त्रीशिक्षणाचा पक्ष त्यांनी अखेरपर्यंत हिरिरीने मांडला. त्यांच्या मित्रांनी व चाहत्यांनी निधी उभारून त्यांच्या नावाने मुलींची शाळा चालविली. ज्याने परक्यांच्या मुलींसाठी निबंध लिहून बक्षीस मिळविले, त्याच्या नावाने मुलींचीच शाळा निघावी, याहून शोभणारा सन्मान कोणता?

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. पश्चिम हिंदुस्थानातील लोकांनी आपली गाऱ्हाणी एकत्र येऊन सरकारपुढे मांडण्याचा हा पहिला मोठा यत्न. नाना शंकरशेठ हे तिचे आधारस्तंभ, तर भाऊ दाजी तिचे एक चिटणीस. इंग्लंडच्या पार्लमेंटकडे जे अर्ज गेले, ते तयार करण्यात त्यांची मेहनत होती. पुढे ईस्ट इंडिया असोसिएशनची मुंबई शाखा निघाली, तिच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. १८५७ साली मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाले, तेव्हाच्या पहिल्या फेलोंत त्यांचे नाव आहे. सांगलीकर विष्णुदास भावे आपली नाटक मंडळी घेऊन १८५३ साली मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत भाऊ होते. राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी नाना शंकरशेठ आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्यांनी अपार खटपट केली. १८६२ साली त्या इमारतीची कोनशिला बसली आणि १८७२ साली संग्रहालय लोकांसाठी उघडले.

त्यांच्या निर्भयतेचे एकच उदाहरण देतो. १८६२ साली मुंबईत गाजलेल्या महाराज प्रकरणात करसनदास मूळजी या सुधारकावर एका धर्मगुरूने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. त्या खटल्यात साक्ष देण्यास भाऊंना बोलावणे आले. त्यांनी त्या धर्मगुरूवर औषधोपचार केले होते. त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी न्यायासनापुढे स्पष्टपणे सांगितले. धनाढ्य व्यापारीवर्गाचा रोष म्हणजे डॉक्टरच्या मिळकतीवर घाला. घरदार असलेल्या माणसाने अशा वेळी 'मला काही आठवत नाही' म्हणून सुटका करून घेतली असती, तर कोणी दोष दिला नसता. भाऊंनी तसे केले नाही. खटला करसनदासांच्या बाजूने लागला.

विद्येच्या क्षेत्रातील त्यांचे औदार्य तर आणखी निराळे. भाऊंनी प्राचीन संस्कृत वैद्यकाचे ग्रंथ अभ्यासले, त्यांतील औषधींचे गुण रोग्यांवर पडताळून पाहिले आणि ज्या रोग्याजवळ कोणी बसत नसे अशा कुष्ठरोग्यावरील उपायांसाठी वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याच जोडीला शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांचा शोध त्यांनी चालविला. अजिंठ्याचे लेख, गिरनारच्या शिळेवरील रुद्रदामन् व स्कंदगुप्त यांचे लेख, संस्कृत कवींचा काळ, असे अनेक विषय त्यांनी हाताळले. कालिदास आणि काश्मीरचा मातृगुप्त हे एकच, असे मत त्यांनी मांडले. पुढील विद्वानांनी ते स्वीकारले नाही. परंतु मते टिकोत वा न टिकोत, ज्या चिकाटीने त्यांनी साधने गोळा केली तिचा लाभ पुढच्या सर्व संशोधकांना झाला.

या कामी त्यांना एक जोडीदार लाभला. जुनागढचा एक गुजराती ब्राह्मण तरुण, भगवानलाल इंद्रजी, याला जुन्या लिपी वाचण्याची विलक्षण हातोटी होती. इंग्रजी शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. १८६१-६२ च्या सुमारास तो मुंबईस आला आणि भाऊंनी त्याला आपल्यापाशी ठेवून घेतले. पुढे बारा वर्षे भगवानलालांनी भाऊंसाठी हिंदुस्थानभर प्रवास केला, नेपाळापर्यंत ते गेले, शेकडो लेखांचे ठसे आणि नकला त्यांनी आणल्या. हा खर्च भाऊंचा. ना तो ज्ञातीचा, ना प्रांताचा, ना आपल्या भाषेचा. केवळ गुण ओळखून भाऊंनी त्याला आधार दिला. १८८४ साली हॉलंडातील लायडन विद्यापीठाने याच भगवानलालांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. तो दिवस पाहावयास भाऊ राहिले नव्हते.

आता मी त्यांच्या चरित्रातील त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हे व्याख्यान द्यावे असे मला वाटले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या व त्यांचे भाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. शेठ, वकील, डॉक्टर, कारकून, गोरे अधिकारी, सारे या सट्ट्याच्या भोवऱ्यात ओढले गेले. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा देण्याघेण्याचा वायद्याचा दिवस. त्या दिवशी मुंबईची अर्धी श्रीमंती कागदाच्या होडीसारखी बुडाली. भाऊ दाजींनी चौदा वर्षांच्या व्यवसायात जे मिळविले होते, ते त्यात गेले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस त्यांचे ज्येष्ठ सहकारी नाना शंकरशेठ यांचेही निधन झाले. एका महिन्यात धन गेले आणि वडीलधाऱ्याची सावलीही गेली.

भाऊ सट्ट्यात पडले हे त्यांच्या हातून चुकले, हे आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. सद्गुणी माणसाच्या हातून चूक होत नाही असे मुलांना शिकविणे म्हणजे त्यांना खोटे शिकविणे. शहाणी माणसेही लोंढ्याबरोबर वाहून जातात, हा धडा आजही प्रत्येक कुटुंबप्रमुखाने ध्यानात ठेवावा असाच आहे. परंतु माणसाची खरी पारख चुकीनंतर होते. आपल्याकडे म्हण आहे : घर फिरले की घराचे वासेही फिरतात. पैसा गेला की मित्र वाट बदलतात, सभेत खुर्ची मागे सरकते आणि तो माणूसही स्वतः होऊन समाजातून अंग काढून घेतो. भाऊंच्या बाबतीत काय घडले?

त्यांनी व्यवसाय पुन्हा नेटाने चालविला. संशोधन थांबविले नाही. भगवानलालांची साथ तर १८७४ पर्यंत, म्हणजे भाऊंच्या मृत्यूपर्यंत, टिकली. संपत्ती गेल्यानंतरची ही नऊ वर्षे आहेत, हे लक्षात घ्या. कुष्ठरोगावरील प्रयोग चालू राहिले. आणि मुंबई नगरीने काय केले? १८६९ साली या माणसाला तिने आपला शेरीफ नेमलेला पाहिला, आणि १८७१ साली पुन्हा एकदा. हा मान त्यांना संपत्तीच्या ऐन भरात मिळाला असता तर आपण म्हटले असते की लक्ष्मीपुत्राला मान मिळतोच. तो मिळाला ती तिजोरी रिकामी झाल्यावर. त्यांच्या घराचे वासे फिरले नाहीत, कारण ते वासे पैशाचे नव्हते. धर्मार्थ दवाखान्यात बरी झालेली माणसे, शाळेत शिकलेल्या मुली, आधार मिळालेले विद्वान, ज्यांच्यासाठी अर्ज लिहिले ते नागरिक, यांच्या खांद्यांवर ते घर उभे होते.

३१ मे १८७४ रोजी भाऊंनी देह ठेवला. पन्नाशी ओलांडून त्यांना फार दिवस झाले नव्हते. मागे काय उरले? त्यांनी जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह, जो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांच्या नावाने ठेवला गेला. त्यांचे विखुरलेले लेख, जे एका वंगीय गृहस्थाने १८८८ साली कलकत्त्यात एकत्र करून छापले. आणि भायखळ्याचे ते संग्रहालय, ज्याला शंभराहून अधिक वर्षांनी, १९७५ साली, 'डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय' हे नाव देण्यात आले. जीर्णोद्धार होऊन २००८ साली ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. आपल्या मुलाबाळांना घेऊन आपण तेथे अवश्य जावे. माटुंग्याच्या रस्त्यावर त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याने जाताना ते कोण होते हे मुलांना सांगावे.

एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. भाऊंच्या स्मृतीची ही जी स्थाने मी सांगितली, त्यांपैकी एकही केवळ आपल्या ज्ञातीचे नाही. संग्रहालय नगराचे, हस्तलिखिते विद्वानांची, लेख छापणारा वंगीय, शिष्य गुजराती. आणि तरीही, किंवा म्हणूनच, आपण सारे त्यांचे नाव अभिमानाने घेतो. ज्या पुरुषाने ज्ञातीबाहेर हात पसरले, तोच ज्ञातीचे भूषण ठरला.

आता ज्या प्रश्नाचा आरंभी उल्लेख केला, त्याकडे येतो. आपल्या संघाच्या विद्यार्थी निधीतील काही भाग जात न पाहता कोणत्याही गरजू मुलामुलींना द्यावा की नाही, याची चर्चा आपल्यात चालू आहे. विरुद्ध बाजूचे म्हणणे मी आदराने ऐकले आहे. ते म्हणतात, हा निधी ज्ञातीच्या वर्गणीतून उभा राहिला. मंगळसूत्राचे मणी मोडून आपल्या आजीपणजींनी त्यात भर घातली. आपलीच कित्येक मुले शिष्यवृत्तीवाचून राहतात. घरात काळोख असताना चव्हाट्यावर दिवा कशासाठी? हे म्हणणे हलके नाही. ज्यांनी ते मांडले त्यांना संकुचित म्हणणे अन्यायाचे होईल. वर्गणीचा पैसा हा विश्वासाचा पैसा असतो आणि ज्याने विश्वासाने दिला त्याच्या इच्छेला मान दिलाच पाहिजे.

भाऊंचे चरित्र या प्रश्नाला काय उत्तर देते? ते घराला वगळण्यास सांगत नाही. भाऊंनी आधी धाकट्या भावाला हाताशी धरले; घरातील दिवा त्यांनी आधी लावला. पण तो दिवा लागल्यावर त्यांनी दार लावून घेतले नाही. दवाखान्याच्या पायरीवर आलेल्या रोग्याला त्यांनी गोत्र विचारले असते, तर आज आपण त्यांचे नाव घेत बसलो नसतो. विठ्ठलपंतांना सल्ला देणारा तो इंग्रज गृहस्थ तरी आपल्या ज्ञातीचा कोठे होता? त्याने एका परक्या मुलाची बुद्धी पाहिली आणि दोन शब्द सांगितले. त्या दोन शब्दांचे ऋण भाऊंनी आयुष्यभर फेडले. ते ऋण अजूनही पुरते फिटलेले नाही, असे मी मानतो.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. जुना निधी ज्यांनी ज्या हेतूने दिला, त्या हेतूसाठी तो अखंड राहो. त्याच्या एका पैशालाही हात लागू नये. परंतु आजच्या पिढीने, ज्यांची मिळकत आपल्या आजोबांच्या स्वप्नातही नव्हती अशा आपल्यापैकी अनेकांनी, आपल्या नव्या वर्गणीतून एक स्वतंत्र शिष्यवृत्ती उभारावी. ती वैद्यकाच्या किंवा इतिहाससंशोधनाच्या विद्यार्थ्याला मिळावी, अर्जावर जातीचा रकाना नसावा, आणि तिला भाऊ दाजींचे नाव द्यावे. तिचा पहिला मानकरी एखाद्या दूरच्या खेड्यातील, आपल्या ओळखीपाळखीबाहेरचा मुलगा किंवा मुलगी निघाली, तर ती गोष्ट भाऊंना सर्वांत अधिक आवडली असती, अशी माझी खात्री आहे. कोणी विचारील, आमच्यापाशी तेवढे शिल्लक कोठे आहे? त्यांना माझे एवढेच सांगणे की, १८६५ नंतरच्या भाऊंपाशीही शिल्लक नव्हती. शिल्लक पडल्यावर देऊ असे म्हणणाऱ्याच्या आयुष्यात शिल्लक बहुधा कधीच पडत नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाला शेरीफ होणे शक्य नाही, शिलालेख वाचणेही शक्य नाही. परंतु एका धाकट्या भावाला शिकविणे, दारी आलेल्या एका गरजूची विचारपूस करणे, गुण दिसला तेथे दोन शब्द उत्तेजनाचे बोलणे आणि दिवस फिरले तरी हात आखडता न घेणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येक गृहस्थाश्रमी माणसाच्या आटोक्यात आहे. एवढे ज्या घरात घडते, तेथे भाऊ दाजींचे श्राद्ध न घालताही त्यांचे तर्पण होते.